पायरी ढिली होऊ नये म्हणून

गिरगावातील ज्या लहानशा वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे, तेथील कपाटे साडेआठ फूट उंच असून सर्वांत वरच्या कप्प्याची फळी साडेसात फुटांवर आहे, आणि कपाटांच्या दोन रांगांमधली वाट जेमतेम तीस इंच रुंद आहे. वरची पुस्तके काढण्यासाठी एक लाकडी घडीची शिडी होती. मुंबईतले रंगारी जिला घोडा म्हणतात, त्या प्रकारची. तिच्या पायऱ्या इतक्या डुगडुगू लागल्या की ग्रंथपालबाईंनी ती वापरातून काढून टाकली. माझे नोकरीचे आयुष्य एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेले असल्यामुळे नव्या शिडीचा आराखडा करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

ॲल्युमिनियमची तयार शिडी का घेऊ नये, हा प्रश्न सभेत निघालाच. घरातला दिवा बदलण्यासाठी ती उत्तम असते, यात शंका नाही. परंतु तिच्या पायऱ्या बहुधा रिव्हेटने बसवलेल्या असतात, आणि रिव्हेटचे भोक एकदा घासून मोठे झाले की घरच्या घरी ते आवळता येत नाही. दिवसातून अनेकदा चढउतार होणाऱ्या ठिकाणी मला असा सांधा हवा होता, जो ढिला झाल्याचे दिसेल आणि साध्या पान्याने पुन्हा घट्ट करता येईल. शिवाय तीस इंचांच्या वाटेत मावेल, तरीही पायथ्याशी पुरेशी रुंद असेल, अशी शिडी मापाने करून घेणेच सोयीचे होते.

कागदावर रेघ मारण्यापूर्वी मी आणि आमचे मिस्त्री, जे मूळचे सावंतवाडीकडचे आणि दरवाजे-खिडक्यांच्या कामात मुरलेले सुतार आहेत, यांनी जुनी शिडी पूर्ण सोडवून पाहिली. एकही पायरी तडकलेली नव्हती. उभे दांडेही सरळ आणि शाबूत होते. बिघाड होता तो फक्त पायरी आणि दांडा जिथे भेटतात तिथे. दांड्यात जेमतेम दोन-तीन मिलीमीटर खोल खाच पाडून तीत पायरी टेकवली होती आणि बाहेरून दोन-दोन खिळे ठोकले होते. खिळ्यांची भोके लंबगोल झाली होती आणि पायऱ्यांची टोके घासून गुळगुळीत झाली होती. असा खिळा दांड्यातून पायरीच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेनेच शिरतो. तंतूंना आडवा ठोकलेला खिळा जितका घट्ट आवळला जातो, तितका टोकातून ठोकलेला खिळा आवळला जात नाही. स्क्रूचीही तीच गत होते, जरी थोड्या कमी प्रमाणात.

पण खिळे ढिले झाले ते वजनामुळे नव्हे, असे माझे मत त्या तपासणीत झाले आणि पुढचा सगळा आराखडा त्याच मतावर उभा राहिला. शिडीवर चढणाऱ्याने कामाकडे तोंड करून उभे राहावे, असे गृहीत धरूनच घडीची शिडी घडवलेली असते. आमच्या अरुंद वाटेत ते शक्यच नाही. शिडी वाटेच्या लांबीत उभी करावी लागते आणि पुस्तके डाव्या-उजव्या हाताला असतात, त्यामुळे चढणारा माणूस प्रत्येक वेळी कंबरेत वळतो, एका पायावर भार देतो आणि जाडजूड बांधीव अंक ओढून काढताना शिडीला बाजूला हिसका देतो. खाली जाणारे वजन खाच पेलते. बाजूचा हिसका मात्र दांडा आणि पायरी यांच्यातला काटकोन मोडू पाहतो, आणि उथळ खाच व दोन खिळे यांच्याकडे त्याला रोखण्यासाठी काहीच नसते. म्हणून नव्या शिडीत पायरी किती जाड, या प्रश्नापेक्षा पायरी दांड्याला कशी धरून ठेवायची, हा प्रश्न मी आधी घेतला.

अर्थात जाडीचा हिशेब टाळता येत नाही. युरोपातील ईएन १३१ या मानकात शिडीवरील कमाल भार १५० किलो धरतात, तोच मी धरला. ग्रंथपालबाईंचे वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, पण उद्या कोण चढेल ते सांगता येत नाही. हा भार सर्वांत लांब, म्हणजे खालच्या पायरीच्या मध्यावर आला, तर ९० मिलीमीटर रुंद आणि २८ मिलीमीटर जाड पायरीत वाकण्यामुळे येणारा ताण दर चौरस मिलीमीटरला सुमारे १५ न्यूटन होतो. वाळलेले, निर्दोष सागवान मोडायला यायला हाच ताण ९० ते १०० पर्यंत जावा लागतो. गाठी, तिरके तंतू आणि वय यांच्यासाठी मोठी वजावट केली तरी हे पुरेसे होते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांत घडीच्या शिडीने अपेक्षित भाराच्या चौपट भार सोसला पाहिजे, अशी अट आहे. तीही यात बसत होती.

मापे ठरवताना वाचनालयातच टेप घेऊन बसलो. पायऱ्या चार, एकमेकींपासून २५० मिलीमीटरवर, म्हणजे चौथी पायरी जमिनीपासून एक मीटर उंच. तीवर उभे राहिल्यावर वरचा कप्पा साधारण खांद्याच्या पातळीत येतो. हात ताणून पुस्तक ओढावे लागत नाही. त्याच अमेरिकी नियमांत पायऱ्यांमधले अंतर १० ते १४ इंच सांगितले आहे. मी त्यातले जवळजवळ सर्वांत कमी घेतले, कारण आमच्याकडे चढणाऱ्या बहुतेक जणी साडी नेसतात. दांडे मात्र चौथ्या पायरीवर न थांबवता आणखी ६०० मिलीमीटर वर नेले आणि त्यांच्या माथ्यावर पुस्तके टेकवण्यासाठी एक फळी बसवली. बाजारातल्या अनेक शिड्यांत शेवटच्या पायरीवर उभे राहिले की धरायला काहीच उरत नाही. येथे गुडघ्याच्या वर आधार मिळतो आणि एक हात नेहमी दांड्यावर राहतो. माथ्याच्या फळीवर कोणी पाय ठेवू नये, म्हणून तिला पुढून एक उभी पट्टी लावून ट्रेसारखे रूप दिले.

पुढच्या दांड्यांचा जमिनीशी कोन ७२ अंश ठेवला. रुंदीत ते समांतर नाहीत: माथ्याशी आतले अंतर ३२० मिलीमीटर, तर पायथ्याशी ५००, म्हणजे दोन्ही दांड्यांची जाडी धरून पायथा सुमारे ५७० होतो. तीस इंचांच्या, म्हणजे ७६० मिलीमीटरच्या वाटेत यापेक्षा रुंद पायथा ठेवला असता, तर शिडी कपाटांच्या कडांना घासली असती. हे माप मला कमीच वाटत होते आणि अजूनही वाटते. शरीराचा भार मध्यरेषेपासून पाऊण फुटाहून थोडा अधिक सरकला की शिडीची एक बाजू उचलू लागेल, एवढाच हिशेब त्यातून निघतो. म्हणून शिडीसोबत एक सूचना द्यावी लागली: बेंबी दोन दांड्यांच्या आतच राहिली पाहिजे, त्यापलीकडचे पुस्तक हवे असेल, तर उतरून शिडी सरकवावी.

आता सांध्याविषयी. मिस्त्रींचा पहिला आग्रह कुसवाचा होता: पायरीच्या टोकाला कुसू काढायचे, दांड्यात आरपार भोक पाडायचे, कुसू बाहेर काढून त्यात पाचर मारायची. सुबक आणि जुना सांधा आहे, आणि दरवाज्याच्या चौकटीत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो हेही खरे. परंतु दरवाज्याची चौकट भिंतीत बसलेली असते, तिला रोज शंभर हिसके बसत नाहीत. शिवाय दांड्यात चार ठिकाणी आरपार भोके म्हणजे नेमक्या त्या ठिकाणी दांडा कमकुवत. दुसरा पर्याय पायरीखाली लाकडी पट्टी ठोकण्याचा होता, जो मुंबईतल्या निम्म्या शिड्यांत दिसतो. त्यात सगळे वजन पट्टीच्या स्क्रूंवर येते, आणि लाकडावर लाकूड टेकण्याचा जो फुकटचा फायदा असतो, तो हातचा जातो.

मी दोन कामे दोन वेगळ्या भागांकडे दिली. वजन पेलण्याचे काम खाचेकडे: ३४ मिलीमीटर जाडीच्या दांड्यात पायरीच्या पूर्ण जाडीची, १० मिलीमीटर खोल खाच. दांड्याची रुंदी ८५ असल्यामुळे तिरप्या खाचेची लांबी ८९ होते आणि पायरी जवळजवळ पूर्ण रुंदीने तीत टेकते. सगळे १५० किलो एकाच बाजूला आले, तरी टेकण्याच्या जागेवरचा दाब दर चौरस मिलीमीटरला दोन न्यूटनच्याही आत राहतो, जो सागवान सहज सोसते. दांडे एकमेकांपासून दूर जाऊ न देण्याचे काम लोखंडाकडे: प्रत्येक पायरीखालून दोन्ही दांड्यांतून आरपार जाणारी आठ मिलीमीटरची आटे पाडलेली सळई, दोन्ही टोकांना रुंद वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट. सळई आवळली की दांडे पायरीला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि पायरीला खाचेतून निसटायला वावच राहत नाही.

सळई कुठे घालायची, यावरून आमचा चांगलाच वाद झाला. मिस्त्रींना ती पायरीला चिकटून हवी होती, म्हणजे पायरीला खालून टेका मिळेल. मी ती खाचेच्या खालच्या कडेपासून २० मिलीमीटर खाली घेतली. भोक खाचेला खेटून पाडले, तर ज्या लाकडावर पायरीचे वजन येते, तेच मधोमध पोकळ होते. आणि सळईने पायरी उचलून धरावी, अशी अपेक्षाच मुळात चुकीची आहे, तिचे काम ताणाचे आहे. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, पायरी मोडली तर निदान सळईवर पाय अडकेल ना.’ ते २० मिलीमीटरवरही अडकेल, असे मी म्हटल्यावर ते हसले आणि त्यांनी खूण केली.

लाकूड रे रोडच्या लाकूडबाजारातून आणले. मिस्त्री सोबत नसते, तर मी रंगावर भाळून काहीही उचलले असते. त्यांनी प्रत्येक फळी टोकाकडून डोळ्याला लावून पाहिली, पांढरट कडेचे लाकूड बाजूला काढले आणि दांड्यांसाठी अशाच पट्ट्या निवडल्या, ज्यांतले तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सरळ जातात. लाकडी शिड्यांच्या दांड्यांत तंतूंचा तिरकेपणा बारा इंचांत एक इंचापेक्षा जास्त नसावा, हा संकेत मला माहीत होता. मिस्त्रींना तो आकडा ठाऊक नव्हता. तरीही त्यांनी नाकारलेल्या पट्ट्या मोजल्या, तेव्हा त्या सगळ्या या मर्यादेबाहेरच निघाल्या. लहान गाठ पायरीच्या मध्यावर वरच्या बाजूला चालेल, खालच्या बाजूला नाही, कारण पायरी वाकते तेव्हा खालचे तंतू ताणले जातात आणि गाठ तिथेच उघडते. सळया, वॉशर आणि नट नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. साधे लोखंड स्वस्त पडले असते, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि दमट सागवानात ते गंजून लाकूड काळे करते, म्हणून स्टेनलेस स्टील घेतले. स्टेनलेसचे नट आवळताना आट्यांत अडकून बसण्याचा धोका असतो. आट्यांना थोडे ग्रीस लावल्याने तो टळतो.

खरी कसोटी खाचा पाडताना लागली. दांडे दोन दिशांनी कललेले आहेत: मागे १८ अंश आणि आत सुमारे तीन अंश. त्यामुळे खाच दांड्याला काटकोनात नाही, पायऱ्यांची टोके काटकोनात नाहीत, आणि चारही पायऱ्यांची लांबी वेगवेगळी आहे. माझ्या ड्रॉइंगवर हे सगळे आकडे लिहिलेले होते, परंतु मिस्त्रींनी ते बाजूला ठेवले आणि प्लायच्या तावावर शिडीचे समोरून आणि बाजूने दिसणारे रूप खऱ्या मापात आखले. मग दांडा त्या आखणीवर ठेवून खुणा थेट लाकडावर उतरवल्या. आकड्यातून मापात आणि मापातून लाकडावर जाताना जो अर्धा मिलीमीटर हरवतो, तो या पद्धतीत हरवतच नाही. ड्रॉइंग ऑफिसात इतकी वर्षे घालवूनही मला हे मान्य करावे लागते की अशा कामात खऱ्या मापाची आखणी माझ्या कागदापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे. दोन्ही दांडे एकमेकांना आरशातल्यासारखे उलटे आहेत, म्हणून ते शेजारी ठेवून खाचांच्या खुणा एकाच वेळी केल्या. खाचेच्या दोन्ही कडा करवतीने कापल्या, मधले लाकूड पटाशीने काढले आणि तळ सपाट केला. पायरी खाचेत हाताने जाऊ नये, लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने जावी, हा मिस्त्रींचा निकष होता.

चारही पायऱ्या एका दांड्यात बसवून, पाण्याला दाद न देणारा गोंद लावून, मग दुसरा दांडा वरून उतरवणे हे दोघांचे काम नव्हते. वाचनालयाचा शिपाई मदतीला आला. सळया घालून नट सगळे एकदम न आवळता आलटून पालटून थोडे थोडे आवळले, कारण एक बाजू आधी घट्ट केली तर चौकट तिरकी होते. पहिल्या पायरीच्या एका टोकापासून चौथ्या पायरीच्या विरुद्ध टोकापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत का, ते गोंद ओला असतानाच पाहिले. नट दांड्याच्या बाहेर राहिले असते, तर अरुंद वाटेत साडीचा पदर त्यांत अडकला असता. त्यांच्यासाठी दांड्याच्या बाहेरच्या अंगाला दहा मिलीमीटरचे खड्डे आधीच पाडून ठेवले होते.

सळईने दांडे धरले, तरी बाजूचा हिसका पूर्णपणे थांबत नाही. समोरच्या चौकटीत तिरपी पट्टी घालता येत नाही, तिथे पाय ठेवायचे असतात. म्हणून पहिल्या आणि चौथ्या पायरीच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत लोखंडी पट्टीचे लहान तिरपे टेकू दिले, आणि मागच्या पायांच्या चौकटीत, जिथे कोणी चढत नाही, तिथे खालच्या कोपऱ्यापासून वरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत एक लांब तिरपी पट्टी घातली. मागचे पाय आणि पुढचे दांडे जोडण्यासाठी बिजागरी न वापरता दोन्ही बाजूंना दहा मिलीमीटरचा आरपार बोल्ट घेतला. शिडी उघडल्यावर पाय पसरू नयेत, म्हणून अनेक ठिकाणी साखळी किंवा दोरी लावलेली दिसते. तिने शिडी पसरत नाही, पण मिटायची थांबत नाही. आम्ही मधे मोडणारी आणि सरळ झाल्यावर अडकणारी लोखंडी पट्टी लावली. पायांची टोके जमिनीच्या कोनात कापून रबराच्या टोप्या घातल्या, कारण मोझेकच्या गुळगुळीत फरशीवर लाकूड सरकते.

चाचणीसाठी वाळूच्या पिशव्या वजन करून आणल्या. तिसऱ्या पायरीवर १५० किलो रात्रभर ठेवले. मध्यावर पायरी जेमतेम सव्वा मिलीमीटर वाकली, जे हिशेबाशी जुळत होते, आणि भार काढल्यावर ती पूर्ववत झाली. मला अधिक उत्सुकता बाजूच्या हिसक्याची होती. टेकू लावण्यापूर्वी माथ्याला बाजूने जोर दिला, तेव्हा तो दोन बोटे हलत होता. टेकू आणि मागची तिरपी पट्टी लावल्यावर तेवढ्याच जोराने अर्ध्या बोटापेक्षाही कमी हलला. खाचेतली पायरी मात्र दोन्ही वेळा तसूभरही सरकली नाही.

शेवटचा वाद रंगाचा झाला. कपाटांना शोभेल असा तपकिरी ऑइलपेंट द्यावा, अशी एका सभासदांची सूचना होती. रंगाखाली लाकडातली चीर दिसत नाही, आणि शिडीत चीर वेळेवर दिसणे हीच सुरक्षितता आहे. अमेरिकी नियमांत लाकडी शिडीला आतले लाकूड झाकणारा रंग देण्यास याच कारणाने मनाई आहे. हा मुद्दा सभेत मांडल्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात देण्यावर एकमत झाले.

पावसाळा संपला की नट तपासायचे, असे मी शिडीच्या मागच्या पायावर लिहून ठेवले आहे. सागवान लांबीत जवळजवळ बदलत नाही, म्हणून पायरीची लांबी तीच राहते. पण दांड्याची ३४ मिलीमीटर जाडी दमट महिन्यांत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. हा फरक तीन-चार दशांश मिलीमीटरचा असला, तरी आवळलेला नट सैल वाटायला तो पुरेसा असतो. पहिल्या पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास तपासले, तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा आवळावा लागला. भर पावसाळ्यात आवळू नये, हेही तिथेच लिहिले आहे, कारण फुगलेल्या लाकडावर नट अधिक दाबला तर वॉशर लाकडात रुततो आणि हिवाळ्यात नट पुन्हा ढिला पडतो. आता नियतकालिकांच्या खोलीसाठी तीन पायऱ्यांची शिडी हवी आहे. तेथील वाट रुंद असल्याने पायथा ६५० मिलीमीटर ठेवता येईल, आणि खालच्या पायरीची लांबी त्या हिशेबाने वाढणार असल्याने तिची जाडी ३२ पर्यंत न्यावी लागेल, असे सध्या ड्रॉइंगवर दिसते.